कामगारांचे अपघात : मोजायचे कोणी?

देशातील चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यानंतरची चर्चा प्रामुख्याने वेतनाची नवी व्याख्या, ग्रॅच्युइटी, निश्चित मुदतीची नोकरी आणि कामगारकपातीची मर्यादा या मुद्द्यांभोवती फिरत राहिली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही त्या चारपैकी एक. कारखाने, खाणी, बांधकाम, कंत्राटी कामगार, आंतरराज्य स्थलांतरित कामगार अशा विषयांवरील तेरा कायदे तिने एकत्र केले. या संहितेने एक जुनाच प्रश्न नव्याने समोर आणला आहे आणि त्याची चर्चा मात्र जवळपास झालीच नाही. कामावर असताना या देशात दरवर्षी किती माणसे मरतात, किती जायबंदी होतात आणि किती जणांना कामामुळे आजार जडतो, हे सरकारला कळते तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर आजही तेच आहे, जे १९४८ साली होते. मालक कळवतो म्हणून कळते. १९४८च्या कारखाना अधिनियमातील कलम ८८ नुसार एखाद्या अपघातात कामगाराचा मृत्यू झाला किंवा दुखापतीमुळे तो सलग ४८ तास वा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्याची सूचना संबंधित अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक होते. स्फोट, आग, वायुगळती यांसारख्या धोकादायक घटनांसाठी कलम ८८-अ होते, तर व्यावसायिक आजारांसाठी कलम ८९. नव्या संहितेच्या कलम १०, ११ आणि १२ मध्ये हाच सांगाडा जवळपास जसाच्या तसा आला आहे. ४८ तासांची अट तीच आणि सूचना देण्याची जबाबदारीही मालक किंवा व्यवस्थापकाचीच. म्हणजे अपघाताची पहिली नोंद अशा व्यक्तीने करायची, जिला ती नोंद न होण्यातच सर्वाधिक सोय आहे. ही विसंगती कायदा करणाऱ्यांना दिसत नव्हती असे नाही. तपासणी यंत्रणा सक्षम असेल तर मालक खोटे बोलण्याचे धाडस करणार नाही, असे त्यामागील गृहीतक होते. ते कितपत खरे ठरले, हे आकड्यांवरूनच पाहावे लागेल.

आकडे काय सांगतात?

कारखान्यांतील अपघातांची देशपातळीवरील आकडेवारी केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतील कारखाना सल्ला सेवा व कामगार संस्था महासंचालनालय संकलित करते. 'डीजीफासली' या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे मुख्यालय मुंबईत शीव येथे आहे. राज्यांचे कारखाना निरीक्षक विभाग तिला माहिती पुरवतात. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी सुमारे १,१०० कामगारांचा मृत्यू झाला आणि चार हजारांच्या आसपास कामगार जखमी झाले. दिवसाला सरासरी तीन मृत्यू आणि अकरा जखमी.

हे आकडे वाचून प्रथम मृत्यूंची संख्या डोळ्यांत भरते. परंतु खरी विचार करायला लावणारी गोष्ट या दोन आकड्यांच्या परस्परप्रमाणात आहे. एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमी! ब्रिटनमध्ये २०२३-२४ या वर्षात कामावरील अपघातांत १३८ कामगार मृत्युमुखी पडले आणि मालकांनी सरकारला कळवलेल्या, मृत्यू न ओढवलेल्या दुखापतींची संख्या ६१,६६३ होती. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे ४५० जखमी. अमेरिकेत २०२३ मध्ये कामावरील मृत्यू ५,२८३ होते, तर केवळ खासगी उद्योगांनी नोंदवलेल्या दुखापती व आजारांची संख्या सुमारे २६ लाख. तेथेही प्रमाण एकास पाचशेच्या जवळ जाते. या देशांतील नोंदणीचे निकष आणि उद्योगांचे स्वरूप वेगळे आहे, त्यामुळे काटेकोर तुलना करता येणार नाही, हे मान्य. तथापि ब्रिटनमध्ये सात दिवसांहून अधिक काळ काम बंद राहिले तरच साधारण दुखापत कळवावी लागते. आपल्याकडे दोन दिवसांतच ते बंधन लागू होते. म्हणजे आपल्या नियमाची चाळणी अधिक बारीक आहे. तिच्यात अधिक जखमी सापडायला हवेत, प्रत्यक्षात सापडतात ते नगण्य.

भारतातील यंत्रे कामगाराला एक तर ठार मारतात किंवा सुखरूप सोडतात, असे तर कोणी म्हणणार नाही. मग या प्रमाणाचा अर्थ एकच निघतो. मृत्यू लपवणे अवघड असते, म्हणून तो कागदावर येतो. मृतदेह रुग्णालयात जातो, पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, नातेवाईक दारात उभे राहतात. तुटलेल्या बोटांसाठी यांतले काहीच घडत नाही. मृतांचा आकडा पूर्ण आहे असे मानता येत नाही. पण जखमींच्या आकड्यात तर प्रत्यक्षातील बहुसंख्य जखमी आलेलेच नाहीत, असा निष्कर्ष काढल्यावाचून गत्यंतर नाही.

जखम कागदावरून कशी पुसली जाते?

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराची दोन बोटे तुटली, असे समजा. मोठी वाहन कंपनी, तिला माल पुरवणारा कारखाना, त्याला काम करून देणारे लहान युनिट आणि त्या युनिटला माणसे पुरवणारा ठेकेदार अशा साखळीच्या शेवटच्या टोकाला हा कामगार उभा असतो. हजेरीपटावर त्याचे नाव असेलच असे नाही. त्याला जवळच्या खासगी नर्सिंग होममध्ये नेले जाते. राज्य कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात नेले तर अपघाताचा अहवाल भरावा लागेल, म्हणून ते टाळले जाते. हात कुठे सापडला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा कामगाराऐवजी सोबत आलेला सुपरवायझर देतो. दुसऱ्याच दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने त्याला गेटवर किंवा स्टोअरमध्ये बसवले की तो कागदोपत्री हजर ठरतो आणि ४८ तासांची अट लागूच होत नाही. उपचाराचा खर्च मालक देतो, वर काही रक्कम हातावर ठेवतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो कामगार गावी निघून जातो. कोणी कोणावर बळजबरी केलेली नसते, कोणी तक्रारही केलेली नसते. सरकारच्या लेखी अपघात झालेलाच नसतो.

हे चित्र कल्पनेतले नाही. गुडगाव-मानेसर पट्ट्यात आणि पुढे पुणे परिसरातील वाहन उद्योगात जखमी कामगारांना मदत करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालांत हेच पुन्हापुन्हा नोंदवले आहे. जखमींमध्ये बोटे गमावणाऱ्यांचे प्रमाण मोठे, कंत्राटी व स्थलांतरित कामगारांची संख्या मोठी आणि अनेकांना विमा योजनेचे कार्ड कामाच्या पहिल्या दिवशी मिळण्याऐवजी अपघात झाल्यानंतर मिळालेले! अपघातानंतर काढलेले कार्ड हा तर या सबंध व्यवस्थेचा नमुनाच म्हणावा लागेल. कामगार अस्तित्वात होता, हेच मुळी त्याची बोटे तुटल्यावर कागदाला कळते.

नोंद झाली नाही तर बिघडते काय, असा प्रश्न कोणी विचारील. कामगाराच्या दृष्टीने सर्वकाही बिघडते. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईक्षमतेची ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गमावल्यास १४ टक्के हानी धरली आहे. राज्य कामगार विमा योजनेत कायमचे अपंगत्व आलेल्या कामगाराला आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. परंतु हे दोन्ही हक्क 'कामावर असताना, कामामुळे' झालेल्या दुखापतीचे आहेत. अपघाताची नोंदच नसेल, तर पंचवीस वर्षांच्या तरुणाने पुढची पस्तीस वर्षे तीन बोटांच्या हाताने कशी काढायची, हा त्याचा खासगी प्रश्न उरतो. समाजाच्या दृष्टीनेही नुकसान लहान नाही. कोणत्या प्रकारच्या प्रेसवर, कोणत्या पाळीत, किती तासांच्या कामानंतर बोटे तुटतात हे माहीत झाले, तरच पुढच्या कामगाराची बोटे वाचवता येतात. निरीक्षकांची पदे मुळातच अपुरी आणि त्यातली अनेक दीर्घकाळ रिक्त. त्यांना कोणत्या कारखान्यात आधी जावे हे सांगणारी एकमेव वस्तू म्हणजे ही आकडेवारी, आणि तीच पोकळ आहे.

आजारांचा रकाना

दुखापतींची ही अवस्था, तर आजारांविषयी बोलायलाच नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगभरात कामाशी निगडित कारणांमुळे वर्षाला सुमारे २९ लाख ३० हजार माणसे मरतात. त्यांतील सुमारे २६ लाख मृत्यू आजारांमुळे आणि ३ लाख ३० हजार अपघातांमुळे होतात. अपघाताने एक जण गेला तर आजाराने जवळपास आठ जण जातात, असे हे प्रमाण. भारतातील कारखान्यांच्या वार्षिक आकडेवारीत चित्र नेमके उलटे दिसते. अधिसूचित व्यावसायिक आजारांची संख्या अपघातांच्या तुलनेत अत्यल्प असते.

कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे, पारा, बेंझिन यांची विषबाधा, सिलिकोसिस, अॅस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस असे २९ आजार नोंदवलेले होते. असा रुग्ण आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही तो कळवावा, न कळवल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद होती. डॉक्टरांवरील कळवण्याची जबाबदारी नव्या संहितेतही कायम आहे. परंतु आपल्याकडील वैद्यकीय शिक्षणात रुग्णाला 'काय होतंय' हे विचारायला जेवढे शिकवले जाते, तेवढे 'काय काम करता' हे विचारायला शिकवले जात नाही. गिरणगावातील हजारो कामगारांनी कापसाची धूळ छातीत भरून घेतली. त्यांच्या केसपेपरवर दमा किंवा जुनाट खोकला लिहिला गेला आणि गिरण्या बंद झाल्या तरी खोकला राहिला.

आजाराचा स्वभावही नोंदीच्या विरोधात जातो. सिलिकोसिस वर्षानुवर्षे फुप्फुसांत वाढतो. तो उघड होईपर्यंत कामगाराने तीन मालक बदललेले असतात. त्यातल्या कोणी कळवायचे? मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील आदिवासी गुजरातमधील गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले. काही महिने धुळीत काम करून ते गावी परतले आणि एकामागून एक मरू लागले. कारखान्यांकडे त्यांची धड नोंद नव्हती. गावाकडे कामाचा पुरावा नव्हता. हे मृत्यू कोणत्याही मालकाच्या अहवालातून पुढे आले नाहीत. स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन यादी केली, प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. मोजणी मालकाने केली असती, तर हा आकडा शून्य राहिला असता.

महाराष्ट्रातील धडे

महाराष्ट्राला यापासून शिकण्यासारखे बरेच आहे, कारण राज्यातील अलीकडच्या मोठ्या घटनांची माहितीही मालकांच्या अहवालांतून आलेली नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये झालेल्या स्फोटात बारा जणांचा बळी गेला. बरोबर आठ वर्षांनी, मे २०२४ मध्ये, त्याच वसाहतीत रासायनिक कारखान्यात पुन्हा भीषण स्फोट होऊन अनेकांचा जीव गेला. समृद्धी महामार्गाचे काम सुरू असताना ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरजवळ गर्डर कोसळून वीस जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटना साऱ्या राज्याला ऐकू येतात, म्हणून त्यांची चौकशी होते. त्याआधीच्या लहान आगी, किरकोळ गळत्या, थोडक्यात टळलेले अपघात यांची नोंद मात्र सहसा होत नाही. खरे तर 'धोकादायक घटना' कळवण्याचे बंधन नेमके त्यासाठीच आहे. माणूस मेला नाही तरी घटना कळवा, म्हणजे पुढचा मृत्यू टळेल, हा त्यामागचा विचार. मोठ्या स्फोटापूर्वीच्या छोट्या ठिणग्या मोजल्या गेल्या नाहीत, तर मोठा स्फोट नेहमीच 'अचानक' होणार.

कारखान्याच्या भिंतीबाहेर पडले की मालकाच्या अहवालावर विसंबणारी पद्धत तर पुरतीच कोलमडते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ही बाब उजेडात आली ती यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील खाटा भरू लागल्यामुळे. दुसऱ्याच्या रानात रोजाने फवारणी करणाऱ्या मजुराचा मालक कोण आणि त्याने कोणाला कळवायचे, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात सरळ सापडत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची कहाणी याहून बोलकी आहे. त्यांच्यात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पहाटेपासून फडात राबणे, मोळ्या उचलणे, पाण्याची आणि शौचालयाची सोय नसणे, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जाण्याची धास्ती ही त्यामागची कारणे कामाशीच जोडलेली आहेत. पण हा व्यावसायिक आजार म्हणून कोणत्या अनुसूचीत बसतो? आणि कळवणार कोण? साखर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कोयत्याकडे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीकडे. जबाबदारी अशी खाली सरकत सरकत ज्याला इजा झाली त्याच्याच डोक्यावर येऊन बसते. सरकारने स्वतः जाऊन विचारले, तेव्हाच संख्या कळली.

इतर देशांनी काय केले?

मालकाने कळवण्याची पद्धत प्रगत देशांतही आहे. फरक आहे तो त्यांनी तिच्यावर कितपत विश्वास ठेवला यात. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानुसार दहाहून अधिक कामगार असलेल्या बहुतेक उद्योगांना दुखापती व आजारांची नोंदवही ठेवावी लागते आणि ती पाच वर्षे जपून ठेवावी लागते. वर्षाचा गोषवारा १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात कामगारांना दिसेल अशा ठिकाणी लावावा लागतो. मृत्यू आठ तासांत, तर रुग्णालयात दाखल करावे लागणे, अवयव तुटणे किंवा डोळा गमावणे या घटना चोवीस तासांत कळवाव्या लागतात. तरीही अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक डॉक्टर व परिचारिकांनी सांगितले की, अपघाताची नोंद करावी लागू नये म्हणून अपुरे उपचार करण्याचे दडपण त्यांच्यावर आले होते. टाके घातले तर नोंद होते, नुसती पट्टी बांधली तर होत नाही. म्हणून पट्टी बांधायची! 'इतके दिवस अपघाताविना' असे फलक लावून त्यावर बक्षिसे ठेवणाऱ्या कंपन्यांत तर सहकाऱ्यांचे बक्षीस बुडू नये म्हणून कामगार स्वतःच जखम लपवतो, हेही तेथे दिसून आले.

या अनुभवातून अमेरिकेने मृत्यूंपुरता वेगळा मार्ग धरला. १९९२ पासून तेथील श्रम सांख्यिकी विभाग कामावरील मृत्यूंची स्वतंत्र गणना करतो. मृत्यूचे दाखले, विमा दावे, पोलीस व तपासणी अहवाल, वृत्तपत्रांतील बातम्या असे अनेक स्रोत एकमेकांशी पडताळले जातात. मालक बोलला नाही म्हणून मृत्यू मोजायचा राहत नाही. ब्रिटनने आणखी सोपा उपाय केला. तेथील श्रमबल सर्वेक्षणात कुटुंबांना थेट विचारले जाते, की गेल्या वर्षी कामावर काही इजा झाली का? २०२३-२४ मध्ये अशा रीतीने कामगारांनी स्वतः सांगितलेल्या दुखापती सुमारे ६ लाख ४ हजार निघाल्या. मालकांनी कळवलेल्या त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या. या फरकाचा काही भाग सात दिवसांच्या अटीमुळे आहे. पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातात, म्हणून दरी किती आहे हे निदान देशाला दिसते. आपल्याकडे दरी मोजण्याचेही साधन नाही.

उद्योजकांची बाजू

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. प्रामाणिकपणे अपघात कळवणारा लहान उद्योजक सांगतो, की कळवले की निरीक्षक येतो, खटला होतो, काम बंद पडते. शेजारचा कळवत नाही, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. यात तथ्य आहे. कळवण्याची शिक्षा आणि लपवण्याची मोकळीक अशी व्यवस्था असेल, तर शहाणा माणूस लपवणारच. शिवाय शिक्षेचा धाकही नावापुरताच आहे. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत कारखान्यांत ३,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्याच काळात कारखाना अधिनियमाखाली तुरुंगवास झालेल्यांची संख्या अवघी चौदा होती. नव्या संहितेने कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, आणि दंडाची निदान निम्मी रक्कम वारसांना भरपाई म्हणून देण्याची तरतूद केली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु ती मृत्यू झाल्यानंतरची. मृत्यूपूर्वीच्या शंभर दुखापती कळाव्यात यासाठी संहितेने नवे काही केलेले नाही.

उलट काही बाबतींत कक्षा आक्रसली आहे. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणारे दहा किंवा विजेविना चालणारे वीस कामगारांचे युनिट 'कारखाना' ठरत होते. संहितेत ही मर्यादा अनुक्रमे वीस आणि चाळीस झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला संहिता लागू असली, तरी दहा ते एकोणीस कामगारांचे युनिट कारखान्यांसाठीच्या विशेष तरतुदींतून निसटते. दहापेक्षा कमी कामगारांच्या गाळ्याला तर, सरकारने धोकादायक काम म्हणून वेगळी अधिसूचना काढली नाही, तर काहीच लागू नाही. पॉवर प्रेसला मात्र गाळ्यात नऊ माणसे आहेत की एकोणीस, याने फरक पडत नाही.

करता येण्याजोगे

हा प्रश्न सुटण्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अनेक ठिकाणी आधीच पडून आहे. राज्य कामगार विमा महामंडळाकडे अपंगत्वाचे दावे आहेत, भरपाई आयुक्तांकडे खटले आहेत, पोलिसांकडे अपमृत्यूच्या नोंदी आहेत, सरकारी रुग्णालयांत पोलिसांना कळवलेल्या जखमींची रजिस्टरे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंची आकडेवारी काढतो, त्यात कारखाने व यंत्रांवरील अपघातांचा वेगळा रकानाही असतो. हे सारे एकमेकांशी पडताळून पाहणारा मात्र कोणी नाही. जखमी कामगाराचा विमा दावा मंजूर झाला आणि त्याच्या कारखान्याने अपघात कळवलेलाच नाही, एवढी एक यादी दर तिमाहीला काढली तरी औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला कोणाच्या दारात आधी जायचे ते कळेल. दोन्ही खाती श्रम विभागाशी निगडित आहेत. त्यांच्यामध्ये अंतर आहे ते फक्त फायलींचे.

दुसरे, रुग्णालयाच्या केसपेपरवर 'व्यवसाय' आणि 'इजा कामावर झाली का' हे दोन रकाने सक्तीचे करावेत. तिसरे, श्रमबल सर्वेक्षणात कामावरील इजा व आजारांविषयी प्रश्न घालावेत. चौथे, कामगाराला किंवा त्याच्या कुटुंबाला थेट नोंद करण्याचा मार्ग द्यावा. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी केलेल्या धोरणात हेच केले. रुग्णाने स्वतः नोंदणी करायची, वैद्यकीय मंडळाने तपासायचे, प्रमाणपत्र मिळताच तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये. मालकाच्या अहवालाची वाट पाहणे थांबताच, आजवर कागदावर नसलेले हजारो रुग्ण त्या राज्यात पुढे आले. खोटी प्रमाणपत्रे, तपासणीतील दिरंगाई या अडचणी तेथेही आहेत. पण अडचणी नोंद होण्याच्या आहेत, नोंद न होण्याच्या नाहीत, हा फरक महत्त्वाचा.

पाचवे आणि सर्वांत कठीण, शिक्षेची दिशा बदलावी लागेल. वेळेत कळवणाऱ्याला सुधारणेची संधी आणि लपवणाऱ्याला कठोर दंड, असे झाले तरच मालकाचा अहवाल विश्वासार्ह होईल. ज्या मोठ्या कंपन्यांच्या मालासाठी लहान गाळ्यांत बोटे तुटतात, त्यांनाही आपल्या पुरवठा साखळीतील अपघातांचा हिशेब ठेवायला आणि जाहीर करायला सांगता येईल. निर्यातीच्या मालाची गुणवत्ता शेवटच्या पुरवठादारापर्यंत तपासणाऱ्या कंपन्यांना हे अशक्य नाही.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हा कामगारांचा मूलभूत हक्क मानला. हक्क मान्य करणे सोपे असते. त्याचा भंग किती वेळा झाला हे मोजण्याची तयारी असेल तरच त्याला अर्थ येतो. राज्यांचे नियम, नमुने आणि ऑनलाइन व्यवस्था नव्या संहितेनुसार घडवण्याची हीच वेळ आहे. कागदावर एका मृत्यूमागे चार जखमी दाखवणारा आकडा पुढील काही वर्षांत चाळीसवर आणि मग चारशेवर गेला, तर अपघात वाढले अशी ओरड होईल. प्रत्यक्षात ती या व्यवस्थेची पहिली प्रामाणिक मोजणी असेल. आज जे सरासरीत नाहीत, ते अंगठा गमावलेले, छाती भरलेले, गावी परतलेले कामगार तेव्हा निदान देशाच्या हिशेबात तरी असतील. प्रतिबंधाची सुरुवात तेथूनच होते.